तीन जंतू, एकच जुडगा

१

"पुसायला मी आणि बोट दाखवायलाही मीच. फरशी पुसा, दार पुसा, काच पुसा. कोपऱ्यातलं बेसिन या महिन्यात तीनदा तुंबलं, तीनदा मी हात घालून मोकळं केलं, तेव्हा कुणाला दिसले नाही. बाळ गेलं की बरोबर दिसते."

सफाईवाली हे माझ्या कानापासून वीतभर अंतरावर पुटपुटत होती, कारण आम्ही दोघी एकाच कपाटाआड सपाता बदलत होतो. नवजात कक्षात बाहेरची चप्पल चालत नाही. ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती, म्हणजे मलाच बोलत होती.

"काय झालं आता?" मी विचारलं.

"सोमवारपासून मला कपडे धुवायच्या खोलीत टाकलंय. माझ्या पोच्यातून रोग पसरतो म्हणे. लेखी नाही दिलं. तोंडी सांगितलं, तेही दुसरीकडे बघून."

सतरा दिवसांत कक्षातली तीन बाळं आजारी पडली होती. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला सगळी औषधं देऊन झाली, तेव्हा डॉक्टरांनी कपाटाच्या मागच्या रांगेतून एक जुनं औषध काढलं. मूत्रपिंडांना फार जड जातं म्हणून त्याला सहसा कुणी हात लावत नाही. ते मूल कसंबसं काठाला लागलं.

चौथ्या पेटीत माझ्या भाचीची मुलगी होती. वजन अकराशे ग्रॅम. बारसं व्हायचं होतं, तोवर आम्ही तिला चिमटी म्हणत होतो, कारण मुठीत मावेल असंही काही तिच्यात नव्हतं. भाची दिवसभर पेटीशेजारच्या स्टुलावर बसायची आणि मी दिसले की एकच विचारायची, "मावशी, इथे काही आहे का गं?" आणि मी म्हणायचे, "जेवलीस का?"

मी खालच्या प्रयोगशाळेत प्लेटा लावते. बाळाच्या रक्तात जंतू असला तर तो काचेच्या ताटलीत वाढवायचा, वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या. औषध लागू पडलं तर चकतीभोवती जंतू मरून मोकळं कडं उमटतं. कडं नाही, तर ते औषध त्या जंतूला पाण्यासारखं. सगळे मला प्लेटमावशी म्हणतात. शिक्षण म्हणाल तर मी इथे काचसामान धुवायला लागले होते. पुढचं सगळं बघून बघून, आणि बाटल्यांसोबत आलेली पत्रकं वाचून.

त्या सकाळी तिसऱ्या बाळाची प्लेट फ्रीजमध्ये ठेवताना जागा होईना, म्हणून आधीच्या दोन बाहेर काढल्या. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी आल्या.

तीन प्लेटांत तीन वेगळ्या जातींचे जंतू. एक शेंबडासारखा चिकट वाढणारा, एक गुलाबी ठिपक्यांचा, एक पसरट, फिकट. हे मला माहीत होतं, वहीत मीच लिहिलं होतं. पण माझ्या वहीत प्रत्येक जंतूला वेगळं पान असतं. ही पद्धत अकरा वर्षांपूर्वी मीच घातली आणि तिचा मला केवढा तोरा होता! तीन बाळं तीन पानांवर गेली. ती पानं कुणी एकत्र वाचलीच नाहीत. मीसुद्धा.

आता चकत्या बघितल्या. प्रत्येक प्लेटवर अकरा. पहिलीत दहा चकत्यांभोवती कडं नाही, फक्त त्या जुन्या औषधाभोवती आहे. दुसरीतही तेच. तिसरीतही तेच.

तीन वेगळ्या घरांतले चोर आणि तिघांच्या कनवटीला किल्ल्यांचा एकच जुडगा. मी खुर्चीत बसले. कारण जुडगा एकच असेल तर तो त्यांना देणारी जागाही एकच होती, आणि चिमटी तिच्याच आसपास कुठेतरी झोपली होती.

२

"मावशी, जंतू वेगळे म्हणजे उगम वेगळा," डॉक्टर म्हणाले. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळं आलेलं. तीन आठवड्यांत घरी धड गेला नव्हता. "एकच साथ असती तर एकच जंतू मिळाला असता. मी सगळ्यांच्या हातांचे नमुने घेतले. माझेही. काही सापडलं नाही."

"तुम्ही चोर शोधत होता. मी जुडग्याबद्दल बोलतेय."

"प्लास्मिड?"

"तेच."

जिवाणूच्या पोटात त्याच्या मुख्य डीएनएखेरीज एखादं सुटं, छोटं वेटोळं असतं. त्याला प्लास्मिड म्हणतात. औषधं निकामी करणारी जनुकं त्यावर बसून हिंडतात. काही जनुकं तर इतकी उडाणटप्पू की या वेटोळ्यावरून त्या वेटोळ्यावर स्वतःच उडी मारतात आणि आधी बसलेल्यांच्या शेजारी जागा धरतात. मग एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि अख्ख्या वेटोळ्याची नक्कल त्याला देऊन टाकतो. दुसरा आपल्या जातीचाच हवा अशी अट नाही. सोयरीक करताना माणसं इतकी उदार झाल्याचं मी कधी बघितलं नाही.

डॉक्टरांनी तिन्ही प्लेटा उजेडात धरल्या. एकेका चकतीवरून बोट फिरवलं.

"हे खरं असलं," शेवटी म्हणाले, "तर हे तिघे कुठेतरी एकत्र राहत असले पाहिजेत. बरेच दिवस."

"हो. त्यासाठी ओल हवी. खायला हवं. आणि औषधही हवं, थोडं थोडं, रोज. म्हणजे ज्याच्याकडे जुडगा नाही तो मरेल आणि ज्याच्याकडे आहे त्याचीच पोरंबाळं वाढतील. ओल, खाणं, औषध. तिन्ही एके ठिकाणी."

आम्ही तिथेच बसून कक्ष मनातल्या मनात पालथा घातला. पेट्यांच्या पाण्याच्या भांड्यात ओल आहे, पण ते उकळलेलं पाणी, रोज बदललेलं. खाणं कुठून येणार? दुधाच्या फ्रीजमध्ये खाणं आहे, औषध नाही. औषधांच्या ट्रॉलीवर औषध आहे, पण ती कोरडी ठणठणीत.

"बाळांच्या आया बाहेरून काही आणत असतील," डॉक्टर म्हणाले.

"पहिल्या बाळाच्या आईला तुम्ही काय सांगितलंत?"

ते खिडकीकडे बघायला लागले. "अशक्त होतं म्हणून सांगितलं. खोटं नाही ते. अशक्त होतंच."

"आणि सफाईवालीला?"

"मावशी, मला एक कारण द्या," ते एकदम चिडून बोलले. "खरं कारण. हात लावून दाखवता येईल असं. नुसत्या उपमा नकोत."

बरोबर होतं त्यांचं. मी प्लेटा उचलल्या आणि वर गेले.

३

कक्षाबाहेरच्या बाकावर ती बसली होती. पहिल्या बाळाची आई.

बाळ जाऊन दोन आठवडे झाले होते, तरी ती रोज अकराला यायची. मांडीवर झाकणाची बाटली, त्यावर स्वच्छ रुमाल. छातीत दूध दाटायचं, म्हणून काढायचं आणि आणायचं. मोठ्या सिस्टर स्वतः बाहेर येऊन ती बाटली दोन्ही हातांनी घ्यायच्या. आम्ही सगळे हे रोज बघायचो आणि सगळ्यांनाच तेव्हा नेमकं कुठेतरी जायचं असायचं.

मी शेजारी बसले.

"आज जरा जास्त आहे," ती म्हणाली. "कुणाला देतात हो? सिस्टर म्हणतात, वाया जात नाही. मी म्हटलं, नाव नका सांगू. मुलगा आहे की मुलगी तेवढं सांगा."

आमच्याकडे एकीचं दूध दुसरीच्या बाळाला देत नाहीत. ते तपासायची, तापवायची सोयच नाही इथे. हे मला माहीत होतं. डॉक्टरांना माहीत होतं. सफाईवालीलाही माहीत होतं.

"मुलगी असेल," मी म्हटलं. शरम वाटली, पण म्हटलं.

आणि मग मनात आलं: हिचं दूध जातं कुठे?

मोठ्या सिस्टर दुधाच्या खोलीत सापडल्या. बत्तीस वर्षं नोकरी, कडक इस्त्री. त्यांच्यासमोर डॉक्टरसुद्धा शर्टाची बटणं चाचपतात.

"सिस्टर, बाहेरच्या त्या बाईचं दूध तुम्ही काय करता?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"पिवळ्या पिशवीत टाकता का?"

"पिवळ्या पिशवीत?" त्या अशा वळल्या की मी पाऊलभर मागे सरले. "रक्ताच्या बोळ्यांत? तिच्या पोराचं दूध? तुम्हाला लाज नाही वाटत विचारायला? मी ते नीट ओतते. नळ सोडून, सावकाश. पाण्याबरोबर जाऊ दे. सगळ्यांचं उरलेलं तसंच ओततो आम्ही."

"कुठे?"

त्यांनी हनुवटीने कोपऱ्यातल्या बेसिनकडे दाखवलं.

ओल आणि खाणं, दोन्ही तिथे होतं. पण तिसरी अट बाकी होती आणि मला मनापासून वाटत होतं, ती न जुळो.

तेवढ्यात एक नर्स आत आली. हातात अँटिबायोटिकच्या चार उघडलेल्या बाटल्या. "सिस्टर, बघा," म्हणाली, आणि त्यांच्या देखत चारही त्याच बेसिनमध्ये पालथ्या केल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"नियम आहे माझा," सिस्टर म्हणाल्या. "दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी आदल्या दिवशीची उघडी बाटली पुन्हा वापरली. बाटली मोठ्या माणसाच्या मापाची असते, आपल्या बाळांना तिचा विसावा हिस्सा लागतो. बाकीचं ठेवायचा मोह होतो पोरींना. म्हणून मी सांगितलं, उरलेलं तिथल्या तिथे, माझ्यासमोर ओता. तेव्हापासून एकदाही चूक झालेली नाही."

विसातला एक भाग बाळाला. एकोणीस भाग बेसिनला.

"सिस्टर," मी म्हटलं, "नळ सोडू नका. कुणीच सोडू नका."

४

मी खाली पळाले आणि जंतू रंगवायचा जांभळा रंग घेऊन आले. तो बोटाला लागला तर आठवडाभर जात नाही. बेसिनच्या जाळीत ओतला. शेजारच्या ओट्यावर, जिथे दूध पाजायच्या वाट्या आणि नळ्या धुऊन वाळत घालतात, तिथून त्या हलवल्या आणि पांढरे कागद पसरले. डॉक्टरांना बोलावलं. सफाईवाली न बोलावता आली.

नळ नेहमीसारखा सोडला. धार सरळ जाळीवर पडत होती. नुसत्या डोळ्यांना काही दिसलं नाही.

नळ बंद करून मी कागद उचलले. बारीक बारीक जांभळे ठिपके. जवळ दाट, लांब विरळ. हात-सव्वा हातापर्यंत. एक डॉक्टरांच्या बाहीवर होता. एक सिस्टरांच्या पांढऱ्याशुभ्र खिशावर.

मग डॉक्टर सफाईवालीला म्हणाले, "बेसिन केव्हा केव्हा तुंबलं होतं?"

"आता विचारताय?" ती म्हणाली. पण तिने तारखा सांगितल्या. तिन्ही वेळा तिने हात घालून ते ढवळून काढलं होतं आणि तिन्ही वेळा दोन-तीन दिवसांत एक बाळ तापलं होतं. सांगता सांगता तिच्या ते लक्षात आलं. "म्हणजे मीच की."

"तू तुंबलेलं काढलंस," मी म्हटलं. "भरलं आम्ही."

बेसिन बंद केलं. ओटा पुसला, वाट्या-नळ्या सगळ्या बदलल्या. सफाईवालीची बदलीही त्याच दुपारी रद्द झाली, तीही तोंडीच. जाळीतल्या चिकट बुळबुळीचा नमुना मी प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी तिन्ही जंतू त्यातून उगवले, एकमेकांशेजारी, सुखाने नांदत असल्यासारखे.

राहिली होती ती जुडग्याची साक्ष. माझ्याकडे तपासणीसाठी पाळलेला एक बापुडा जिवाणू आहे. कुठलंही औषध त्याला मारतं, एक सोडून; ते फक्त प्रयोगशाळेतलं, माझ्या अकरा चकत्यांत नसलेलं. आणि त्या एका औषधाने जाळीतले तिघेही मरतात. जाळीतला एक चोर आणि हा बापुडा, दोघांना मी एका नळीत एकत्र ठेवलं. मग दोन औषधं घातलेल्या प्लेटवर पसरलं: एक चोराला मारणारं, एक बापुड्याला मारणारं. इथे दोघांनीही मरायला हवं. फक्त एकच जण जगू शकतो, चोराकडून जुडगा घेतलेला बापुडा. वर अकरा चकत्या ठेवल्या आणि घरी गेले.

सकाळी मी प्लेट उघडायच्या आत भाची प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. पायात सपाता तशाच.

"मावशी, ती दूध ओढत नाहीये. सिस्टरांनी नळीने घातलं तर बाहेर येतंय. पोट फुगलंय. रंग बघ ना तिचा, मावशी. रंग कसला झालाय!"

मला तो रंग माहीत होता. आधी तीनदा बघितला होता.

५

"रक्त घेतलंय," डॉक्टर म्हणाले. "जंतू कोणता ते कळायला दोन दिवस. तोवर नेहमीच्या औषधांतलं सगळ्यात जोरदार सुरू करतो."

"पहिल्या दोघांना तेच दिलं होतंत."

"मग काय देऊ?"

"जुनं."

"मावशी, अकराशे ग्रॅमचं बाळ आहे! ते औषध उगीच दिलं आणि मूत्रपिंडं गेली तर? जंतूचं नाव तरी सांगा मला."

"नाव नाही माहीत मला. तिघांपैकी एक असेल, नाहीतर चौथाच कुणी असेल. नावाला काय करायचंय?" वर येताना उचलून आणलेली प्लेट मी त्यांच्या हातात दिली. "हा बघा. परवापर्यंत हा मेल्या मांजरासारखा होता. अकरांपैकी कुठल्याही औषधाने मरायचा. आज दोन्ही औषधांत उगवलाय. पातळ आहे, पण उगवलाय. आणि चकत्या बघा."

दहा चकत्यांभोवती कडं नव्हतं. अकराव्या, जुन्या औषधाच्या चकतीभोवती स्वच्छ, गोल मोकळी जागा होती.

"ज्याला हा जुडगा मिळतो तो असाच होतो," मी म्हटलं. "कुळी कुठलीही असो. दहा कुलपं उघडतो. अकरावीची किल्ली या जुडग्यात नाही. चिमटीची वाटी बेसिन बंद होईपर्यंत त्याच ओट्यावर वाळत होती. मला एवढंच माहीत आहे."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

भाची आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिची आई, माझी ताई, गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती, आणि तेव्हाही हिने माझ्याकडे असंच बघितलं होतं. तेव्हा मी खोटं बोलले होते, सगळं ठीक होईल म्हणून.

"चुकले तर तिची मूत्रपिंडं जातील," मी म्हटलं. "नाही दिलं तर ती उद्या नसेल."

डॉक्टरांनी भाचीला विचारलं, "काय करू?"

"मावशी इतकं सरळ कधीच बोलत नाही," भाची म्हणाली. "द्या."

दुपारी बाराला पहिला डोस गेला. त्या दिवशी काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी पोट तसंच, श्वास यंत्राचा. भाची स्टुलावरून उठली नाही. मी तिच्या तोंडात घास घातले, ती चावायची विसरायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रक्तातला जंतू उगवला. तिघांपैकी कुणीच नव्हता तो. चौथाच होता, परक्या कुळीचा. आणि कडं अकराव्या चकतीभोवतीच. मी ती प्लेट हातात घेऊन मोरीपाशी उभी राहिले आणि रडले. वही बाळांप्रमाणे लावली असती, तर दुसऱ्या बाळाच्या वेळीच हे माझ्यासमोर आलं असतं. दुसरं बाळ. त्याची आई पुन्हा कधी इकडे आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर चिमटीचा लंगोट तराजूवर ठेवून उभ्या होत्या. मूत्रपिंडं चालतात की नाही हे तसंच मोजतात. लंगोट कोरडा असताना किती, ओला झाल्यावर किती. दोन दिवस आकडा हलला नव्हता.

"अकरा ग्रॅम," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे?" भाचीने विचारलं.

"म्हणजे तुझ्या लेकीने शू केली. भरपूर."

भाची हसली, मग स्टुलावर बसल्या बसल्याच भिंतीला डोकं टेकून झोपून गेली. डॉक्टर कागदावर आकडा लिहीत होते. तो त्यांनी तीनदा लिहिला.

अकरा वाजले होते. दाराच्या काचेतून बाक दिसत होता. बाकावर ती, मांडीवर बाटली, बाटलीवर रुमाल.

सिस्टरांनी काढलेला लंगोट बादलीत टाकला. हात धुवायला त्या सवयीने कोपऱ्याकडे वळल्या. बेसिनवर चिठ्ठी होती, 'दुरुस्तीसाठी बंद'. ती चिठ्ठी डॉक्टरांनी लावली होती आणि आम्ही सगळ्यांनी ती खरी धरली होती. सिस्टरांनी ती दोनदा वाचली. मग दाराकडे निघाल्या.

"सिस्टर," डॉक्टर हळूच म्हणाले, "थांबा जरा. कुणी काय सांगायचं ते वरून लेखी येईल."

"येऊ दे," सिस्टर म्हणाल्या.

त्या बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. डॉक्टर दारात आले आणि तिथेच उभे राहिले, पण अडवायला काही आले नाहीत. बाकावरची ती उठली, बाटली पुढे केली. "आज थोडंच आहे," म्हणाली. "कमी व्हायला लागलंय."

सिस्टरांनी बाटली घेतली नाही. तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. इतक्या वर्षांत त्या बाकावर बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"हे दूध मी कुणालाच दिलं नाही गं," त्या म्हणाल्या. "ओतत होते. तुला सांगायला माझी जीभ उचलत नव्हती."

त्या बाईने बाटलीवरचा रुमाल काढून मुठीत घेतला.

"आणि ऐक. तुझ्या दुधात काही वाईट नव्हतं. तुझ्यातही नव्हतं. तुझा मुलगा अशक्त होता म्हणून गेला नाही. अशक्त मुलं आम्ही जगवतो, तेच काम आहे आमचं. तो इथे आला तेव्हा त्याला काही झालेलं नव्हतं. जे झालं ते या खोलीत झालं. आमच्या हातून झालं."